निळ्या खडूची खूण

"बाटलीवर लक्ष ठेव, टेगन. संपत आली की ओरड."

मर्वने हे सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं आणि टेगनने चौथ्यांदा मान डोलावली. अरुंद लाकडी गल्लीत पस्तीस गाभण मेंढ्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मर्व, तिचा सासरा, वाकून एकेकीच्या मानेत लशीची पिचकारी टोचत पुढे सरकत होता, आणि टेगन त्याच्या मागून, कुंपणाबाहेरूनच हात घालून, टोचलेल्या प्रत्येकीच्या डोक्यावर निळ्या खडूचा फराटा ओढत होती. लशीची बाटली मर्वच्या पाठीवर उलटी टांगलेली, तिथून नळी पिचकारीला. पाठीवरची बाटली त्याला कशी दिसणार? म्हणून ते काम टेगनचं. सत्तावीस आठवड्यांचं पोट घेऊन मेंढ्यांत शिरायचं नाही, पिचकारीला हात लावायचा नाही, आणि मेंढ्या व्यायला लागल्या की कळपाकडे फिरकायचंसुद्धा नाही, असे सासूबाईंचे हुकूम होते. खडू आणि बाटली, एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गावातल्या दवाखान्याची नर्स केरिन.

"टेगन, मीच गं, पुन्हा. डांग्या खोकल्याच्या लशीचं काय करतेस?"

"बघते."

"बघते बघते करत सात आठवडे गेले, बाई. शाळेत तीन पोरं खोकतायत. उद्या दहाला जागा आहे. नाव घालू?"

"उद्या मेंढ्या आहेत."

"मेंढ्या गेली दीडशे वर्षं आहेत. बरं, जबरदस्ती नाही. विचार कर नि कळव."

विचार! गेले सात आठवडे टेगन दुसरं करत काय होती? घोंगडं भिजत ठेवायलाही काही मर्यादा असते, आणि या घरात तर लोकरीची काही कमी नव्हती.

गोष्ट अशी होती की दोन वर्षांपूर्वी, इथला हिवाळा सुरू होताना, अशाच एका मे महिन्यात, तिने फ्लूची लस घेतली आणि नवव्या दिवशी तिचं बाळ गेलं. अकरावा आठवडा चालू होता. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नीट समजावलं होतं की लशीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. पहिल्या तीन महिन्यांत अशी कितीतरी बाळं जातात, लस घेतली तरी आणि नाही घेतली तरी. टेगनला ते पटलंही होतं. ती काही अडाणी नव्हती. पण कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच. सुईचं नाव काढलं की तिचा दंड आपोआप अंगाशी चिकटायचा. घरात त्या बाळाचा विषय पुन्हा निघाला नाही. तिचा नवरा कॅलम पेरणी सोडून तीन दिवस तिच्याजवळ बसला आणि चौथ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढला. मर्व दारापर्यंत आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कुत्र्याला हाक मारून निघून गेला.

साडेदहाला ग्लेनिस, म्हणजे सासूबाई, गाडी घेऊन आली. थर्मास, कागदात गुंडाळलेले सॉसेज रोल आणि मोठा आवाज, असं तिचं सामान नेहमीचं.

"केरिनचा फोन आला होता ना?" तिने उतरता उतरताच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनं आधी मला केला. मी घेतली, कॅलमनं घेतली. राहिलात तुम्ही दोघं. आणि मर्व, तुला शेवटचं सांगते. लस नाही तर नातवंडाला हात नाही."

"माझा खांदा दुखतोय," मर्व रोल चावत म्हणाला.

"गेल्या आठवड्यात गुडघा दुखत होता. गुडघ्यात देतात का रे लस?"

मर्वने आयुष्यात लाखभर मेंढ्या टोचल्या असतील. पण स्वतःला सुई म्हटली की हा सहा फुटी माणूस कुठल्या शेतात दडून बसेल ते कुत्र्यालाही सापडायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसं. फरक इतकाच की मर्व कुणाला काही सांगतही नसे.

"बाळ झालं की त्याला टोचून घेईनच ना मी," टेगन म्हणाली. "मग मला कशाला?"

"त्याला याची पहिली सुई सहा आठवड्यांनी. तोवर?"

"तोवर कुणाला जवळ येऊ देणार नाही."

"टपालवालीला? बेकरीवालीला? ती तर पाळण्यात डोकं घालून पापे घेते. अगं, या मेंढ्यांना आज कशाला टोचतोय आपण? मेंढ्यांसाठी?"

"कोकरांसाठी. आईच्या चिकातून जातं त्यांच्यात."

"तुझं नाळेतून जातं, जन्माच्या आधीच. एवढाच फरक."

"ग्लेनिस, मी काय मेंढी आहे?"

"छे गं! मेंढ्या बिचाऱ्या मुकाट रांगेत उभ्या राहतात."

मर्व चहा पिता पिता इतका हसला की ठसकाच लागला. टेगनही हसली. पण ग्लेनिसची गाडी धूळ उडवत गेली, आणि हसू ओसरल्यावर भीती होती तिथंच होती.

पुन्हा काम सुरू झालं. टेगनचा हात खडू ओढत होता आणि मन भलतीकडेच होतं. उद्या घेतली तर नववा दिवस कुठला? शुक्रवार. शुक्रवारी कॅलम घरी असेल का? एक गल्ली रिकामी झाली, दुसरी भरली, तीही सुटली. मग कधीतरी तिने मान वर केली.

"मर्व! बाटली!"

बाटली ठणठणीत कोरडी होती. नळीत नुसती हवा. थंडीने आणि संधिवाताने मर्वची बोटं बधिर झालेली. रिकामी पिचकारी दाबली तरी त्याला कळलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. एक गल्ली असेल. दोन असतील." टेगनचे डोळे भरून आले. "माझं एवढं एकच काम होतं, मर्व."

मोठ्या वाड्यात सकाळपासूनच्या चारशे मेंढ्या एकमेकींत मिसळून उभ्या होत्या. चारशेच्या चारशे डोक्यांवर निळी खूण. टोचलेल्यांवरही आणि हवा खाल्लेल्यांवरही. मर्वने टोपी मागे सारली.

"सगळ्या पुन्हा," तो म्हणाला.

"चारशे? चुकलेल्या फार तर सत्तर असतील."

"त्या कुठल्या, दाखव."

टेगनने कळपावरून नजर फिरवली. सगळीकडे निळंच.

"जिला दोनदा बसेल तिचं काही बिघडत नाही," मर्व नवी बाटली अडकवत म्हणाला. "जिला बसलीच नाही तिचं कोकरू जातं. धनुर्वातानं लाकडासारखं ताठ होऊन. बघितलंयस तू. अंदाजानं सोडायचं नसतं, पोरी. लाल खडू काढ."

तो उपदेश करत नव्हता, खरोखरच मेंढ्यांबद्दल बोलत होता. उपदेश असता तर टेगनने कान बंद केले असते. पण ती निमूटपणे लाल फराटे ओढत राहिली, आणि शंभराच्या पुढे कुठेतरी तिच्या लक्षात आलं की तिला सुईची भीती नव्हतीच. भीती होती ती सुईनंतरच्या दिवसांची. आणि ते दिवस तर ती आत्ताच काढत होती, सुई न घेता! रोज सकाळी उठून, पोटावर हात ठेवून, पहिली लाथ बसेपर्यंत श्वास रोखून पडायचं. लस घेतली नाही म्हणून एक तरी सकाळ सोपी गेली होती का? भीती लशीबरोबर येणार नव्हती. ती केव्हाचीच घरात राहायला आली होती. मग बाळाच्या वाट्याचं अंदाजानं का सोडायचं?

तिने तिथंच, लाल बोटांनी, फोन लावला.

"केरिन, उद्याचं नाव घाल. पण मला भीती वाटतेय."

"वाटू दे. तिलाही घेऊन ये," केरिन म्हणाली. "खुर्च्या भरपूर आहेत."

मर्व मेंढीच्या मानेवरून हात न काढता ऐकत होता. दोन मेंढ्या टोचून झाल्यावर म्हणाला, "दहाला ना? गाडी मी काढतो."

"तुम्ही कशाला? कामं आहेत."

"दोघांचं एकदम होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून आला, बाह्या मनगटापर्यंत बंद. पस्तीस किलोमीटर तो फक्त पावसाबद्दल बोलला, आणि पाऊस तर नव्हताच.

टेगनचं आधी झालं. तिने दात आवळून, पोटावर हात ठेवून, शंभर प्रकारचं वाईट मनात आणलं, आणि केरिन म्हणाली, "झालं." दंडात मुंगी चावल्याइतकं. पंधरा मिनिटं बसायचं म्हणून ती खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली. पाच मिनिटांत पोटातून एक सणसणीत लाथ बसली, आणि टेगनने इतका मोठा श्वास सोडला की केरिनने वळून बघितलं.

मग मर्व बसला. त्याचा रंग पांढऱ्या भिंतीला मिळाला होता.

"मेंढ्यांच्या मानानं सुई लहान आहे, मर्व," केरिन म्हणाली.

"मेंढ्यांना मी आधी सुई दाखवत नाही."

"मग डोळे मिटा. आणि माझ्याशी बोला." तिने कापसाने त्याचा दंड पुसला. "काय मग, पहिलंच नातवंड ना तुमचं? लाडांना सुमार राहणार नाही आता."

"दुसरं," मर्व म्हणाला.

केरिन थांबली. "दुसरं?"

"दुसरं. पहिलं राहिलं नाही. दोन वर्षं झाली. पण हे दुसरंच."

दोन वर्षांत कुणी, कॅलमनेही, ते बाळ मोजलं नव्हतं. या माणसाने मोजलं होतं, आणि इतके दिवस मोजून मनात ठेवलं होतं. टेगनला हुंदका आला आणि त्याच्या मागोमाग हसूही, कारण मर्व अजून घट्ट डोळे मिटून, खांदा आक्रसून, जबडा आवळून बसला होता.

"टोच आता," तो म्हणाला.

"कधीच झालं, मर्व," केरिन हळूच म्हणाली. "बसा आता पंधरा मिनिटं."

टेगनची पाच मिनिटंच उरली होती. तिने आपली खुर्ची ओढली, त्याच्या खुर्चीला लावली आणि त्याची पंधरा मिनिटं भरेपर्यंत तिथेच बसून राहिली.