लुद्विकला खोटारडा ठरायचं होतं

लुद्विक सोबोन आमच्या गावात चौदा वर्षं लग्न शिकवत होता. चर्चमध्ये लग्न लावायचं असेल, तर पोरापोरींना आधी नऊ गुरुवार सभागृहात बसावं लागतं आणि शेवटी फादरांना एक कागद दाखवावा लागतो. त्या कागदावर सही लुद्विकची. असल्या माणसाच्या हातात सही गेली की काय होतं, ते मी भिंतीपलीकडून चौदा वर्षं ऐकलं. मी चर्चची ऑर्गनवादक. थंडीत चर्चमध्ये बोटं वळत नाहीत, म्हणून सभागृहाशेजारच्या खोलीतल्या पायपेटीवर सराव करते. भिंत पातळ आहे आणि लुद्विकचा आवाज जाड.

"प्रेम म्हणजे भावना नव्हे," तो म्हणायचा. "प्रेम म्हणजे निर्णय! उद्या तुमचं मन बदलेल, पण दिलेला शब्द बदलत नाही." मग थांबायचा. टाळ्या पडतील अशी त्याला दरवेळी आशा असायची.

चपलांच्या दुकानातल्या किंगाला तेव्हा पाचवा महिना होता. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला नॉर्वेत नोकरी लागलेली, म्हणून तिने विचारलं, तो सहाच गुरुवार आला तर चालेल का. लुद्विक सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याला नऊ गुरुवार पाळता येत नाहीत, तो जन्मभर काय पाळणार?" पोरगी रडत बाहेर गेली. त्या दोघांनी नगरपालिकेत जाऊन लग्न केलं, चर्चकडे फिरकले नाहीत. लुद्विक हा किस्सा पुढच्या प्रत्येक तुकडीला सांगायचा, जणू वाघ मारला होता.

शेवटच्या दोन गुरुवारी झेशूव शहरातून अल्डोना यायची. ती धर्मप्रांताच्या कुटुंब सल्ला केंद्रातली बाई. अंगाच्या तापमानाचे तक्ते घेऊन यायची आणि मूल नको असेल तर कुठले दिवस टाळायचे, ते नवऱ्या मुलींना मोजायला शिकवायची. नीटनेटकी, गळ्यात बारीक क्रूस. आधी लुद्विक तिला बसथांब्यापर्यंत सोडायचा. पुढे थेट झेशूवपर्यंत सोडायला लागला. गावाला दिसत होतं, पण लुद्विकबद्दल असला विचार करायचा म्हणजे आपल्यालाच पाप लागेल, असं लोकांना वाटायचं. मलाही तसंच वाटलं. माझा मूर्खपणा.

त्याची बायको बोगुमिवा, आमची बोगुस्या, पोस्टात खिडकीवर बसते. शाळेपासूनची माझी मैत्रीण, आणि तिच्या लग्नात करवली म्हणून साक्षीची सही माझीच. नोव्हेंबरात एका मंगळवारी रजिस्टर पत्रांचा गठ्ठा तिच्यासमोर आला आणि त्यात एक तिच्याच नावाचं निघालं. पाठवणारा चर्चचा न्यायासन विभाग. तिने रीतसर नोंद केली, स्वतःच सही करून स्वतःच ताब्यात घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत गणवेशावर कोट चढवून माझ्या घरी आली.

"वाच," ती म्हणाली. "मी दोनदा वाचलंय. मला वाटतं, माझंच डोकं फिरलंय."

मी वाचलं. लुद्विकने अर्ज केला होता की त्यांचं लग्न मुळात झालंच नव्हतं. घटस्फोट नव्हे, कारण घटस्फोट आमचं चर्च मानत नाही. हे त्याहून सोवळं काम. वेदीपुढे शपथ घेताना आपल्या मनात ती शपथ नव्हती, असं सिद्ध झालं की लग्न पहिल्या दिवसापासून रद्द आणि माणूस कोरा. लुद्विकने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "मी शब्द उच्चारले, परंतु नाही जमलं तर सोडून द्यायचं, हे मी मनात ठरवलेलं होतं."

"आज सकाळी काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"रव्याचं सूप मागितलं. घसा बसलाय म्हणाला."

"आणि हे?"

"याबद्दल चकार शब्द नाही. अगं, अर्जावरची तारीख बघ. सप्टेंबर. दोन महिने हा माणूस माझ्या हातचं जेवतोय."

चौदा वर्षं इतरांच्या शपथेवर पहारा देणारा माणूस, आणि आता त्याला कागदोपत्री खोटारडा ठरायचं होतं! तेही वेदीपुढे खोटं बोललेला खोटारडा. बाकीचे लोक असल्या गोष्टी लपवतात. हा शिक्का मारून मागत होता.

तीन दिवसांनी तो मधाची बाटली घेऊन माझ्याकडे आला. विटेक, माझा नवरा, स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत होता. त्याने डोकं वर केलं, लुद्विकला पाहिलं आणि परत नळाखाली घातलं.

"रोझालिया, तुझी साक्ष लागणार आहे," लुद्विक म्हणाला. "करवली होतीस. लग्नाआधी मी तुला काही बोललो होतो का, आठवून बघ. म्हणजे नाही पटलं तर मी राहणार नाही, असं काहीसं."

"नाही बोललास."

"तेवीस वर्षं झाली गं. माणूस विसरतो."

"मी विसरले नाही."

"शब्द तेच नसतील," तो म्हणाला. आवाज तोच, गुरुवारचा. "आशय. न्यायासन आशय बघतं. आणि यात नुकसान कुणाचं आहे? बोगुस्याही मोकळी होते. खरं सांगू? मी तिच्यासाठीच करतोय."

"मग अल्डोनासाठी काय करतोयस?"

तो लाजला नाही. दुखावल्यासारखा चेहरा केला. "अल्डोना धार्मिक बाई आहे. तिला पापात राहायचं नाही. आम्ही एकमेकांना बोटही लावलेलं नाही, समजलं? आम्हाला सगळं रीतसर हवंय."

नळाखालून विटेकचा आवाज आला. "म्हणजे लुद्विक, तू तेव्हा खोटं बोललास हे आता खरं ठरावं, म्हणून हिनं खोटं बोलावं. बरोबर?"

"तुला यातलं कळत नाही, विटेक."

"नाही बुवा. मी फक्त नळ बघतो."

मध टेबलावर ठेवून तो गेला. आम्ही तो कुणाला तरी देऊन टाकला... नाही, खरं सांगते, आम्ही तो मध खाल्ला. मधाचा काही दोष नव्हता.

पण मला झोंबलं होतं ते वेगळंच. लुद्विक खोटं बोलला नव्हता, हे मला माहीत होतं. मी तिथे होते.

लग्नाच्या तीन आठवडे आधी बोगुस्याच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता. आई लहानपणीच गेलेली. लग्नाच्या दिवशी सकाळी बोगुस्याने खोलीची कडी लावली आणि आतून ओरडली, "मी येत नाही. बाबांना कोण बघणार? त्याला सांग, दुसरी बघ." ऑगस्टचं ऊन. लुद्विक काळ्या सूटमध्ये फाटकाशी दीड तास उभा. घामाने कॉलर पिवळी पडलेली. वऱ्हाडी येऊन समजावून गेले, त्याची आई येऊन हात धरून ओढायला लागली. हलला नाही. मी त्याला पाणी नेऊन दिलं, तेव्हा म्हणाला, "तिला सांग, तिच्या बापालाही मीच उचलेन. आज नाही आली तर उद्या उभा राहीन. मी कुठे जाणार नाही, रोझ्या. मला जाताच येत नाही."

आणि खरंच उचललं. म्हाताऱ्याला पाठुंगळी घेऊन तो चर्चच्या पायऱ्या चढला, पहिल्या बाकावर बसवलं आणि मग वेदीपाशी गेला. फादरांनी विचारलं, सुखात, दुखण्यात, बऱ्या-वाईट दिवसांत, आयुष्याच्या शेवटापर्यंत? "हो," तो असा म्हणाला की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजीनेही मान हलवली. पुढे चार वर्षं, म्हातारा जाईपर्यंत, त्याला आंघोळ घालायचा तो लुद्विकच.

माझा तिरस्कार इथे सुरू होतो. चोर असता तर मी एवढी चिडले नसते. हा माणूस स्वतःच्या हातांनी स्वतःमधली एकुलती एक चांगली गोष्ट खोदून काढून कचऱ्यात टाकत होता, आणि त्यासाठी माझ्याकडे फावडं मागत होता.

मी बोगुस्याला विचारलं, तुला काय हवंय. ती पार्सलं तोलत होती.

"घटस्फोट हवा तर सरकारी कोर्टात जा म्हणावं," ती म्हणाली. "उद्या सही देते. जायचंय तर जाऊ दे, दाराशी आडवी नाही पडणार मी. पण तो दिवस झालाच नाही, असं नाही चालणार. मग तेवीस वर्षं मी कुठे होते? बसथांब्यावर? आणि क्लारा काय छपाईची चूक आहे?" क्लारा तिची मुलगी, वुज शहरात शिकते.

"म्हणजे मी काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? घडलं ते सांग. मला विचारायचं कशाला त्यात?"

फेब्रुवारीत मला बोलावणं आलं. लांबलचक गारढोण खोली, खोकल्याच्या गोळ्या चघळणारे एक वयस्क फादर न्यायाधीश, आणि प्रत्येक शब्द टंकणारी एक नन. शुभवर्तमानावर हात ठेवून मी शपथ घेतली.

"लग्नाआधी लुद्विक सोबोन तुमच्यापाशी असं कधी बोलले का, की हे लग्न सोडता येईल?"

"नाही, फादर."

"त्यांच्या मनात तसं असावं, असं वाटण्यासारखं काही?"

"उलट वाटण्यासारखं आहे." आणि मी फाटक, ऊन, दीड तास, पाठीवरचा म्हातारा, सगळं सांगितलं. ननची बोटं मध्येच थांबली आणि परत चालू झाली.

फादरांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "म्हणजे तेव्हा तो प्रामाणिक होता, असं तुमचं म्हणणं."

"हो. तेव्हा होता."

"हे तुम्ही त्याच्या बाजूने सांगताय की विरुद्ध?"

"ते मला कळत नाही, फादर. ते तुम्ही ठरवा."

ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तेही टंका, सिस्टर."

निकाल चौदा महिन्यांनी आला. लग्न अवैध असल्याचं सिद्ध होत नाही. लुद्विकने वर अपील केलं, तिथेही तेच. दरम्यान सरकारी घटस्फोट बोगुस्याने पहिल्याच तारखेला देऊन टाकला होता आणि त्याचे कपडे इस्त्री करून खोक्यात भरून दिले होते. इस्त्री कशाला केलीस, मी विचारलं, तर म्हणाली, चुरगळलेले दिले असते तर त्याला वाटलं असतं मी रडले.

अपिलाचा निकाल लागल्यावर तो रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेआधी माझ्याकडे वर ऑर्गनपाशी आला. दम लागला होता. पोट सुटलं होतं.

"तुझ्या एका साक्षीमुळे दोन माणसं कृपेबाहेर राहिली," तो म्हणाला. "आता एकत्र राहिलो तर अल्डोनाला ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही. ती रडते. हे तू देवाला सांगशील?"

"मी तुझ्याबद्दल चांगलंच बोलले, लुद्विक. आख्ख्या गावात तुझ्याबद्दल एवढं चांगलं आता कुणी बोलत नाही."

"कुचकी आहेस."

"मला सूर लावायचेत. उतरताना जिना सांभाळ."

अल्डोनाला पापात राहायचं नव्हतं, ते नंतर चार महिने टिकलं. आता दोघं झेशूवला एकाच घरात राहतात. रविवारी शेजारच्या गावी मिस्साला जातात आणि शेवटच्या बाकावर असे बसतात की जणू चर्चनेच त्यांच्यावर अन्याय केला. लुद्विक तिथल्या फादरांना म्हणाला म्हणे, की मोडलेल्या संसारांसाठी एखादा वर्ग मी घेऊ शकेन. फादरांनी त्याला खुर्च्या लावायचं काम दिलं.

आमच्या फादरांना गुरुवारची पंचाईत झाली. ते पोस्टात गेले आणि बोगुस्यालाच म्हणाले, "तुम्ही घ्याल का वर्ग? निष्ठेचं याहून मोठं उदाहरण गावात नाही."

"फादर," ती म्हणाली, "मला शोकेसमध्ये ठेवू नका. रांग खोळंबलीय."

शेवटी तो वर्ग माझ्या आणि विटेकच्या गळ्यात पडला. विटेक फारसं बोलत नाही आणि सही सगळ्यांना देतो.

गेल्या वर्षापासून गेरार्ड नावाचा एक विधुर, पलीकडच्या गावचा रोपवाटिकावाला, रोज पोस्टात येऊन एकच तिकीट घेतो. इतकी पत्रं तो कुणाला लिहितो, हा गावाचा आवडता प्रश्न. भला माणूस आहे, हात मातीचे, बोलताना टोपी काढतो. बोगुस्या त्याला तिकीट देते, हसते, "पुढचे" म्हणते. चर्चच्या लेखी ती लुद्विकची बायको आहे, आणि राहणार; दुसरं लग्न तिला तिथे लावता येणार नाही. ते मी टंकून घेतलंय.

एकदा खिडकीशी कुणी नव्हतं, तेव्हा मी विचारलंच, "माझ्यावर राग आहे का गं तुझा?"

तिने शिक्क्याची तारीख फिरवली.

"तू खरं बोललीस," ती म्हणाली. "बोल म्हणून मीच सांगितलं होतं. आता ते मला आवडायलाही हवं, असं काही नाही."

मग तिने माझं पाकीट ओढून घेतलं आणि तोलायला ठेवलं.