तांब्यात भरलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, आतून कल्हई केलेला. माझं झाकण पेच फिरवून बसतं, त्यामुळे मला आडवं केलं तरी थेंब सांडत नाही. नाशिकच्या तांबट आळीत घडलो तेव्हापासून मला याचा भारी तोरा होता.

गेणू आणि कुसाबाई या माळी जोडप्याने मला विकत घेतलं. इंदिरानगरला तेव्हा एवढ्या इमारती नव्हत्या. त्यांचा मोगऱ्याचा मळा तिथेच होता. पहाटे कळ्या तोडायला जाताना कुसाबाई मला पाण्याने भरून न्यायची. चिंचेने घासून म्हणायची, "कसा सोन्यावानी झालाय बघा!" मी मनातल्या मनात फुगायचो.

कुसाबाईला एकदा समुद्र पाहायचा होता. बस, एवढंच. पण लेकीच्या, पूजाच्या शाळेला सुटी मे महिन्यात, आणि मोगऱ्याचा भरही तेव्हाच. आजची कळी उद्या फुलून जाते, मग तिला बाजारात कोणी विचारत नाही. सत्त्याण्णव साली हर्णैला जायचं ठरलं, तेव्हाही ती मागे राहिली. "तुम्ही बापलेकी जाऊन या. मळ्यात कोणी नको का? मी येईल पुढल्या साली."

हर्णैला आम्ही मंगलाबाई नावाच्या कोळणीच्या घरी उतरलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. संध्याकाळी मासळी आणायला बैलगाड्या थेट लाटांत शिरायच्या आणि वाळूवर लिलावाचा एकच गलका उठायचा. दहा वर्षांची पूजा नुसती नाचत होती. मग एकाएकी थांबून तिने बापाचा हात ओढला.

"बाबा, आईसाठी थोडा समुद्र नेऊ?"

गेणूने मला लाटेत बुडवून भरलं. मंगलाबाई हसली. "पाणी कशाला नेताय भाऊ? वहिनींनाच आणा की!"

घरी कुसाबाईने माझ्यात बोट बुडवून चाखलं. "लय खारं हाय गं!" म्हणत ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग झाकण आवळून तिने मला देवांच्या फळीवर ठेवलं. पुढच्या मे महिन्यात मोगरा होता. त्याच्या पुढच्याही. मिठाने माझी कल्हई खाल्ली, पण मला आत समुद्र असल्याचाच मोठेपणा वाटायचा.

दोन हजार सालच्या आषाढात कुसाबाई काविळीने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले. एका दुपारी तिला धाप लागली. गेणूने तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्यावरच होतं. शेजारची चंद्रभागा धावत आली. देवांजवळ झाकण आवळलेला तांब्या म्हणजे त्यात गंगाच असणार, असं कोणालाही वाटेल. तिने चमचाभर पाणी कुसाबाईच्या ओठांत सोडलं.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ओरडता येत नाही. आयुष्यभर जिची तहान भागवली, तिला शेवटचा घोट मी खारा दिला.

कुसाबाईचं तोंड वाकडं झालं. तिने ओठांवरून जीभ फिरवली, डोळे उघडले आणि गेणूकडे पाहिलं.

"आलो का आपण?"

गेणूने एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. तिचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "हां. आलो ना."

तिने डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

त्यानंतर गेणूने मला घासलं नाही आणि मोडीतही घातलं नाही. मी माळ्यावर हिरवा पडलोय. माझी काळजी करू नका, भांडं काय, कधीही घासता येतं. पण मित्रांनो, तुमच्या घरात कामापायी मागे राहणारी कोणी असेल, तर या सुटीत तिला आधी गाडीत बसवा. ती नको म्हणेल. तरी बसवा.