तेजलचा दात

"मावशी, जरा हसा ना," फोटो काढणारा पोरगा म्हणाला.

"कशापायी? कुणाचं लगीन हाय का इथं?"

सगळा हॉल हसला. शकुबाई हसली नाही. मुलुंडच्या त्या संशोधन केंद्रातला हॉल गारढोण होता. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि समोर बघत राहिली. समोर शिकलीसवरलेली, चष्मे लावलेली पोरं-पोरी जमिनीवर बसून शरबताच्या नळ्यांचा मनोरा रचत होती. ज्या गटाचा मनोरा पडेल त्याने टाळ्या वाजवायच्या, असा खेळ. नव्याने संशोधनाला लागलेल्या पोरांना एकत्र काम कसं करावं ते शिकवायचं ट्रेनिंग होतं म्हणे हे. शकुबाईच्या मनात आलं, आमच्या वस्तीतल्या बायका एका नळावर सगळ्या गल्लीचं पाणी भरतात, त्यांना कुणी नळ्या दिल्या होत्या? पण तिला आज भांडायचं नव्हतं. तिला एक दात न्यायचा होता.

गोष्ट अशी होती, की गेल्या उन्हाळ्यात सम्यक नावाचा पोरगा गोवंडीत तिच्या दारात येऊन उभा राहिला. कचऱ्याच्या डम्पिंगच्या धुरातलं शिसं पोरांच्या अंगात किती जातं, ते पडलेल्या दुधाच्या दातातून कळतं, म्हणाला. लहान पोरांचे दात हवे होते. शकुबाईने त्याला आधी चांगलं झाडलं. "आमचं रक्त नेलं, थुंकी नेली, आता दात बी पाहिजेत?" मग चहा पाजला, जेवू घातलं आणि स्वतः त्याच्यासोबत दारोदार फिरली. पडलेला दात पत्र्यावर फेकायची रीत. ती मोडून बायकांनी दात कागदाच्या पुड्यांत बांधून दिले. सम्यककडे बघून नव्हे. शकुबाई मागतेय म्हणून. बचत गट तिने उभा केलेला, पोलीस चौकीत तिचा आवाज चालायचा, आणि तिने दिलेला शब्द खाली पडला असं गल्लीत कुणी म्हणू शकत नव्हतं.

सुलक्षणाने तिच्या तेजलचा दात दिला. तेजल तेव्हा खिडकीतून ओरडली होती, "आजी, माझा दात परत द्यायचा हां!"

"देते गं बये. तुझा दात ठेवून मी काय चणे फोडू?"

थंडीत तेजलला ताप भरला. ताप डोक्यात गेला आणि पोर हातची गेली. फ्रॉक देऊन-वाटून टाकले, दप्तर शेजारच्या पोरीला दिलं. महिनाभर सुलक्षणा घराबाहेर पडली नाही. मग एका सकाळी शकुबाईच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "ताई, तिचा दात तेवढा आणून द्या."

"आणते," शकुबाई म्हणाली. "माझा शब्द हाय."

तिने सम्यकला फोनवर सगळं सांगून दात मागितला, तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता. आणि परवा त्यानेच फोन केला, तो या ट्रेनिंगला या म्हणून. वस्तीतलं कुणीतरी दोन शब्द बोलायला हवं होतं.

शिकवायला आलेले नंदकुमार सर गोड बोलणारे होते. त्यांनी भिंतीवर एक मोठा तक्ता दाखवला. नुसते चौकोन आणि चौकोन, सगळे हिरवे.

"ताई, हा तुमच्या वस्तीचा प्रोजेक्ट. कुणी काय करायचं ते इथे लिहिलंय. काम राहिलं की चौकोन लाल, झालं की हिरवा. बघा, एकही लाल नाही! आता तुमचा अनुभव सांगा."

शकुबाई उठली. माईक तिने हातात घेतलाच नाही.

"अनुभव मागनं सांगते. सम्यक, तेजलचा दात कुठाय?"

सम्यकने मान खाली घातली. त्याच्या शेजारी प्रांजल आणि श्रुतिका, तिघांचा एक गट. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शकुबाईने उभ्या आयुष्यात फार चोर बघितले होते; ही नजर तिला माहीत होती.

"सर, चहाची वेळ झाली ना?" सम्यक म्हणाला.

चहाला सगळे पांगले, तेव्हा तो तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. दोघं मागोमाग आली. टेबलावर एक बरणी होती. बरणीत दात. नुसते दात.

"पुड्यांतून काढून आम्ही प्रत्येक दात वेगळ्या बाटलीत ठेवला होता," सम्यक म्हणाला. "बाटलीवर पेनने नाव होतं. त्यावर पक्कं नंबरचं लेबल लावायचं काम श्रुतिकाचं."

"मला वाटलं धुवून झाल्यावर लावायचंय," श्रुतिका म्हणाली.

"मला वाटलं लावलंय," प्रांजल म्हणाला. "तक्त्यावर हिरवं होतं यार. मी बाटल्या स्पिरिटने पुसल्या. सगळी नावं गेली."

"न लावता हिरवं केलं कुणी?" शकुबाईने विचारलं.

मग सम्यकच म्हणाला, "मी. वरचे साहेब बघायला येणार होते. लाल दिसलं की सगळ्यांसमोर झापतात. म्हटलं, सोमवारपर्यंत होऊनच जाईल."

शकुबाईने बरणी उचलली. नावं गेल्यावर बाटल्यांतून काढून एकत्र भरलेले दात आत सरकले, तांदळासारखे वाजले.

"म्हंजे यातला तिचा कुठला, ते तुम्हाला ठावं नाही."

"आता कुणालाच सांगता येणार नाही, मावशी."

"आणि हा नळ्यांचा खेळ कशापायी?"

"आमची वाट लागली म्हणून तर पाठवलंय या ट्रेनिंगला," प्रांजल पुटपुटला.

सम्यकने झाकण उघडलं. चिमट्याने एक दात उचलून कापसावर ठेवला. छोटा, पांढराशुभ्र, अगदी चित्रातल्यासारखा.

"मावशी, हा न्या. तिचाच आहे म्हणा. तिच्या आईला काय कळणार? त्यांना बरं वाटेल. तुमचा शब्दही राहील."

शकुबाईने तो तळहातावर घेतला. खोटं कशाला बोला, मन तिचंही डगमगलं. किती सोपं होतं! सुलक्षणा हा डबीत ठेवेल, दिव्याला हात जोडताना डोळ्यांना लावेल, आणि गल्ली म्हणेल, शकुने शब्द पाळला. एवढ्याशा दाताने सगळ्यांची अब्रू झाकली असती.

मग तिला वाटलं, हा दात ज्याचा आहे ते पोर आत्ता गल्लीत गोट्या खेळत असेल.

"जित्या पोराचा दात मेलेलीच्या नावानं तिच्या पदरात घालू? तुला आई हाय का रे?"

सम्यकचे डोळे भरले. त्याची तिला दया आली नाही. येईल कधीतरी, आज नाही.

"सगळे दे."

"मावशी, असं देता येत नाही. संस्थेचे आहेत, अर्ज करावा लागेल..."

"संस्थेनं दात पाडून दिले व्हते?"

श्रुतिका इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, तो दात शकुबाईच्या हातातून घेऊन बरणीत टाकला, झाकण घट्ट लावलं आणि बरणी तिच्या पिशवीत ठेवली.

"जा मावशी. मी सांगेन मी दिली म्हणून."

हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. कुणाचातरी मनोरा पडला होता.

ऊन कलताना शकुबाई गोवंडीत पोचली. सुलक्षणा दारात बसून कारखान्याच्या कपड्यांचे धागे कापत होती. पिशवी बघून तिने कात्री खाली ठेवली.

"आणला?"

शकुबाई उंबऱ्यावर बसली. इतक्या वर्षांत तिने या गल्लीत कुणापुढे मान खाली घातली नव्हती.

"आणला. पण कुठला ते सांगायला येत नाही मला. त्यांनी नावं पुसली. सगळे एकत्र केले." तिने बरणी पुढे ठेवली. "यात हाय तिचा. एवढं खरं. शब्द राखता आला नाही गं, सुले. शिव्या दे. दे की."

सुलक्षणाने शिव्या दिल्या नाहीत. रडलीही नाही. उठली, स्टीलचं ताट आणलं आणि बरणी त्यात उपडी केली. दात ताटभर पसरले, काही पांढरे, काही पिवळे, काही काठाला काळपट.

समोरची बाई काय आहे म्हणून डोकावली आणि तोंडाला पदर लावून तिथेच थबकली. तिच्याही पोराचा त्यात होता.

सुलक्षणाने ताट मांडीवर घेतलं. एक दात उचलला, उजेडाला धरला, बोटाने चाचपला, ताटाच्या कडेला ठेवला.

"हा नाही."

दुसरा उचलला.

"हा बी नाही."

शकुबाई सरकून तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. तिने कात्री आणि धागे कापायचे कपडे एका बाजूला सारले, आणि बारकं दिसत नसतानाही ताटात वाकून बघू लागली.