बोरच्या पाण्याची काच

“सकाळी तोंड धुतलं की आधी पाच शीलं म्हणायची, बाई. अन् चौथ्याला घाई करायची न्हाई.” हिमायतनगरचे साहेबराव लेकीला असं बजावायचे. ते गेले, पंचशीला लातुरात नोकरीला लागली, पण नेम मोडला नाही. वंदना झाल्याशिवाय ती चहासुद्धा तोंडाला लावत नसे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं तिचा आवाज अजूनही सावकाश व्हायचा.

भगवानरावांच्या कारखान्यात दिवे बनत. दिवा बनायच्या आधी तो कॉम्प्युटरवर पेटवून बघायचा, हे तिचं काम. काच कशी, आरसा कसा, ते सॉफ्टवेअरला सांगायचं. मग किरण कुठं सरळ जातात नि कुठं विखुरतात, ते पडद्यावर रंगांत उमटायचं. उदगीरच्या वाटेवरल्या टँकरथांब्याचा दिवा तिनं असाच पेटवला होता. उजेड नेमका तोट्यांवर पडला.

“मळकी काच धरून एकदा बघू का?” तिनं विचारलं होतं.

“दुष्काळाचं काम हाय, ताई. आधी दिवे लागू द्या,” साहेब म्हणाले होते.

पुढं उदगीर नवा जिल्हा व्हावा म्हणून थांब्यापाशी सभा ठरली. पाहुणे यायचे म्हणून गावानं थांबा सजवला. गोडं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, म्हणून कावेरीबाईनं दिव्याची काच बोरच्या खाऱ्या पाण्यानं धुतली अन् तशीच वाळू दिली. काचेवर पांढरी खपली धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे टँकर घेऊन आलेल्या संगप्पाच्या डोळ्यांपुढं नुसता उजेडाचा धुरळा उठला, अन् रांगेतल्या कावेरीबाईच्या पायावरून चाक गेलं. ड्रायव्हर पिलेला होता, असं दुपारपर्यंत गावानं ठरवलं. पोलिसांनी त्याला आत घातलं. पाहुणे तर आलेच नाहीत.

संगप्पाची बायको लक्ष्मम्मा देगलूरहून कारखान्याच्या फाटकाशी आली. “अक्का, आमचा मानूस दारूला शिवत न्हाई.”

“मी काच तपासते. जे निघंल ते ठाण्यात येऊन सांगते. शब्द देते.”

“शब्द लई जणांनी दिला,” लक्ष्मम्मा म्हणाली अन् पाणीही न पिता वळली.

पंचशीलानं थांब्यावर जाऊन काच उतरवून आणली. नांदेडच्या कॉलेजात तिच्यातून उजेड कसा विखुरतो ते मोजून घेतलं अन् ते आकडे सॉफ्टवेअरला दिले. दिवा तोच, जागा तीच. या खेपेला तोट्या अंधुक राहिल्या अन् रस्त्यावर, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीला, पांढरा लोट उभा राहिला.

भगवानरावांनी ते चित्र पाहिलं. “पोलिसांना द्यायच्या अहवालात स्वच्छ काचेचंच लावा. अन् करा सही.”

“ती काच तिथं नव्हती, साहेब.”

“नावाला जागून राहिल्या का, पंचशीलाताई?” ते हसले. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, “बरं, खरंच लिहायचं ना? मग लिहा, कावेरीबाईनंच काच खराब केली. बघा, लेखणी उचलते का!”

दवाखान्यात कावेरीबाईचा पाय गुडघ्याखाली काढला होता. पंचशीला भेटायला गेली तेव्हा म्हातारीनं विचारलं होतं, “दिवा चकचकीत दिसला न्हवं, पाहुण्यायला?” दिसला, असं म्हणवलं नव्हतं. पाहुणे आले नाहीत, असंही सांगवलं नव्हतं.

“धुणाऱ्या हाताचं मी लिहिणार न्हाई,” ती हळूच म्हणाली. “इथं बोरचं पाणी खारं, हे मला ठावं होतं, तुम्हालाही होतं. काच धुतली जाणार, तीही त्याच पाण्यानं, हे आपण पडद्यावरच धरायचं होतं. चूक दिव्याची हाय. दिवा आपला हाय.”

“मग सोमवारपासून येऊ नका.”

“हाव.”

तिनं दोन्ही चित्रं पिशवीत घातली. काच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी धरली. कोणी निरोप दिला नाही, तिनंही मागितला नाही. स्टँडवर उदगीरची बस लागली होती. खपलीला धक्का लागू नये म्हणून काच मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली अन् कंडक्टरला म्हणाली, “ठाण्यापाशी उतरवा, दादा.”