शाब्बास, बस खाली

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, सून आत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि साहेब तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले होते. बाहेरच्या खोलीत तिसरीतली नात शाळा-शाळा खेळत होती. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या तिने ओळीने मांडल्या होत्या, हातात पट्टी घेतली होती, आणि आवाज असा लावला होता की डोळा लागायची सोय नव्हती.

"ओलं फडकं वाळलं. मग त्यातलं पाणी कुठे बरं गेलं? तिसऱ्या बाकावरची मुलगी, तू सांग पाहू."

मग थोडा वेळ सगळं शांत. आणि मग, "शाब्बास! बस खाली."

साहेबांनी हसत वर्तमानपत्र बाजूला केलं. खुर्च्यांवर कोणीच नव्हतं. बाहुली नाही, अस्वल नाही, साधी उशीसुद्धा नाही. खेळणी सगळी कोपऱ्यात ढीग करून टाकलेली.

"अगं, तुझ्या वर्गात मुलंच नाहीत की. बाहुल्यांना बसव ना."

"बाहुल्या कशाला?" नात म्हणाली. "शाळेत असंच असतं."

आणि तिने पुन्हा तिसऱ्या खुर्चीकडे पट्टी रोखली, पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेवढाच वेळ थांबली आणि रिकाम्या खुर्चीला शाब्बासकी दिली. साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं. ही वाक्यं त्यांनी पूर्वी ऐकली होती. शब्दन् शब्द तीच, आणि बाकसुद्धा तिसरंच.

साहेब शिक्षक निवड समितीचे प्रमुख होते. माणूस नाकासमोर चालणारा. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाचा वशिला नाही. उमेदवाराच्या पाठाची वेळ संपली की पेनाने टेबलावर टकटक करायचे, म्हणून कचेरीत त्यांच्या माघारी त्यांना टकटकसाहेब म्हणत. ते येण्यापूर्वी उमेदवारांची परीक्षा जवळच्या शाळेत, खऱ्या वर्गावर व्हायची. त्यात काय एकेक भानगडी! एकाच्या वाट्याला गरीब वर्ग यायचा, दुसऱ्याच्या वाट्याला टारगट. मध्येच एखादं मूल रडायचं, एखादं भलताच प्रश्न विचारायचं, आणि निकाल लागला की तक्रारींचा पाऊस. साहेबांनी सगळी कटकटच मिटवली. कचेरीच्या वरच्या मजल्यावर एक दालन केलं. बाकं होती, फळा होता, फक्त मुलं नव्हती. उमेदवाराने मुलं आहेत असं समजायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आलं असं धरायचं आणि पुढे जायचं. सगळ्यांना सारखी बाकं, सारखी शांतता. सुंठीवाचून खोकला गेला. वरून कौतुकाचं पत्रही आलं होतं.

त्याच दालनात मागच्या खेपेला एक तरुण मुलगी पहिली आली होती. ओल्या फडक्याचा पाठ तिचाच. तिने तिसऱ्या बाकाकडे इतक्या मायेनं पाहिलं होतं की समितीतल्या एका सदस्याने मान वळवून तिथं खरंच कोणी बसलंय का ते बघितलं होतं. तीच पुढे नातीच्या शाळेत लागली, नातीच्याच वर्गाला मिळाली, तेव्हा साहेबांना घरबसल्या लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी त्यांनी सुनेला सहज विचारावं तसं विचारलं, की पोरीचं शाळेत बरं चाललंय ना. सून म्हणाली, उलट या वर्षी फार समजूतदार झाली आहे. पूर्वी प्रश्न विचारून विचारून डोकं खायची, आता एक शब्द नाही. घरात सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. साहेबांनाही वाटलं होतं, ते त्यांना आता आठवलं.

झोपायला जाताना नात त्यांच्याजवळ आली. पट्टी अजून हातातच होती.

"आजोबा, मी वर्गात असते ना?"

"असतेस म्हणजे? रोज जातेस की."

"हो, जाते," ती म्हणाली, आणि निघून गेली.

सोमवारी साहेब न कळवता शाळेत गेले. मुख्याध्यापकांची धावपळ झाली. नातीच्या बाईंबद्दल त्यांना फक्त चांगलंच सांगायचं होतं. पाठाची टाचणं वेळेवर, हजेरी चोख, वर्गातून कधी आवाज म्हणून नाही. तुम्ही त्यांच्या वर्गात कधी बसलात का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मुख्याध्यापक गोंधळले. आवाजच येत नाही म्हटल्यावर जायची वेळ आली नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले.

साहेब वर्गात मागे जाऊन बसले. त्यांना पाहून बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली, फडकं ओलं केलं, आणि पाठ सुरू झाला. तोच पाठ, दालनातला. तेच हसू, तीच हाताची हालचाल. बाईंची नजर मुलांच्या डोक्यांवरून जात होती आणि मागच्या भिंतीवर कुठेतरी टेकत होती.

"मग त्यातलं पाणी कुठे बरं गेलं? तिसऱ्या बाकावरची मुलगी, तू सांग पाहू."

तिसऱ्या बाकावरून नात उठली. साहेबांना तिची पाठ आणि दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

"बाई, मला नाही कळलं," ती हळूच म्हणाली. "पाणी हवेत गेलं तर दिसत का नाही? दिसत नाही तर ते आहे कशावरून?"

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "बस खाली."

नात बसली. पाठ पुढे गेला. वर्गात कोणी हसलं नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. साहेबांना सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच. मुलांना याची सवय झाली होती.

सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला आणि बाई टेबलाशी तशाच उभ्या राहिल्या. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती मुलगी काय म्हणाली ते ऐकलं का, असं त्यांनी विचारलं. ती आपली नात आहे हे त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही.

बाईंनी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. मग त्यांचे डोळे भरून आले.

"नाही ऐकलं, साहेब. पहिल्या आठवड्यात ऐकायचे. एकजण म्हणाला, कळलं नाही. मला पुढे काय बोलायचं तेच सुचेना. कॉलेजात आम्ही मैत्रिणीच एकमेकींची मुलं व्हायचो, आणि ठरवून बरोबर उत्तरं द्यायचो. तुमच्या दालनात तर सगळ्याच बाकांना येत होतं. उत्तर न येणारं मूल मला कधी कुणी दाखवलंच नाही."

"मग कुणाला तरी विचारायचं होतंत."

"कुणाला? मी पहिली आलेली. पहिल्या आलेलीनं कसं विचारायचं?" त्यांनी बाकांकडे पाहिलं. "म्हणून मी त्या दालनातल्यासारखं शिकवायला लागले. म्हणजे भीती वाटत नाही. आता हळूहळू मला मुलं दिसतच नाहीत, साहेब. इथं उभी राहिले की बाकं दिसतात नुसती."

साहेब निघाले. जिना उतरताना कुठल्याशा वर्गातून 'शाब्बास, बस खाली' असं कानावर आलं. ते दचकून थांबले. ते शब्द वेगळ्याच शिक्षकाचे होते, पुरुषाचा आवाज होता. तोही साहेबांच्याच दालनातून निवडला गेला असेल का? त्यांना आठवेना.

घरी त्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला ताई म्हणत, नात ताईआजी म्हणायची. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, पाय आता दुखरे, जीभ मात्र ठणठणीत. साहेबांनी तिला सगळं सांगितलं, आणि या बाईंवर कारवाई करणार असल्याचंही सांगितलं.

ताईने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "कर की. पण खापर फोडायचं तर डोकं नीट बघून फोड."

"म्हणजे?"

"अरे, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिला कॉलेजने खोटी मुलं दिली, तू मुलंच दिली नाहीस, आणि नोकरी लागल्यावर तिच्या वर्गात कोणी डोकावलंही नाही. रिकाम्या बाकांना शिकवता येतं का ते तू बघितलंस. तिला येत होतं. तिला पहिला नंबर तूच दिलास."

"ताई, सगळ्यांची परीक्षा सारखी व्हावी म्हणून केलं मी ते. कुणावर अन्याय नको."

"सारखी झाली, कबूल. पण कशाची झाली?" ताई म्हणाली. "माझ्या पहिल्या वर्षी आमच्या मोठ्या बाई महिनोन् महिने माझ्या वर्गात मागे बसायच्या. चुका काढायला नव्हे हं. मी अडकले की उठून यायच्या आणि मुलाला एवढंच विचारायच्या, कुठपर्यंत कळलं? तेवढा एक प्रश्न शिकायला मला वर्ष लागलं. त्या पोरीला तो शिकवायला कोण होतं, सांग ना. आणि मुलं भानगड करतात म्हणून तू मुलंच काढून टाकलीस! अरे, ती भानगड म्हणजेच शाळा."

साहेबांना एकदम नातीचं वाक्य आठवलं. आजोबा, मी वर्गात असते ना?

त्याच आठवड्यात नव्या उमेदवारांच्या परीक्षा होत्या. त्या सकाळी साहेब कचेरीत सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि वर दालनात गेले. बाकं पुसून ठेवलेली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. साहेब फळ्यासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि तिसऱ्या बाकाला विचारलं, पाणी कुठे गेलं?

बाक गप्प होतं. साहेब थांबले. त्यांना वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, मला नाही कळलं. पण या खोलीत ते वाक्य कधी उच्चारलंच गेलं नव्हतं. इथं येऊन गेलेल्या माणसांचे चेहरे त्यांना आठवू लागले, एकामागून एक, हसरे, आत्मविश्वासाने भरलेले. ते सगळे आत्ता या क्षणी कुठल्या ना कुठल्या वर्गात उभे होते. आणि त्यांच्यासमोर कितीतरी मुलं खरी, जिवंत, हात वर करून बसली होती, नाहीतर हात वर करायचे सोडून बसली होती. साहेब तिसऱ्या बाकावर बसले. लहान मुलासाठी केलेल्या त्या बाकात त्यांचे गुडघे मावत नव्हते.

उमेदवार जमले तेव्हा साहेबांनी सांगितलं की आज परीक्षा होणार नाही. मोठा गदारोळ झाला. समितीतले म्हणाले, पुन्हा तक्रारी येतील. साहेब म्हणाले, येऊ देत, उत्तरं मी देईन.

पुढचे महिने सोपे नव्हते. परीक्षा पुन्हा खऱ्या वर्गात सुरू झाली, आणि उमेदवाराला बरोबर उत्तर आल्यावर नव्हे, चुकीचं उत्तर आल्यावर तो काय करतो ते पाहायचं ठरलं. एकाच पाठावर निकाल लावायचा नाही, काही आठवडे जुन्या शिक्षकाच्या जोडीने वर्गात राहू द्यायचं. कॉलेजांनाही सांगितलं, खोटी मुलं बंद करा, शिकाऊ शिक्षकांना खऱ्या शाळेत पाठवा. मुख्याध्यापकांनी टाचणं कमी तपासावीत आणि वर्गात जास्त बसावं. तक्रारी आल्याच. साहेबांचं पेन आता टकटक करण्यापेक्षा उत्तरं लिहिण्यातच झिजू लागलं.

बाईंवर कारवाई झाली नाही. ताई दुखऱ्या पायांनी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसू लागली. पहिल्या दिवशी, बाई पुन्हा भिंतीकडे बघून शाब्बास म्हणाल्या, तेव्हा ताई उठली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हळूच उत्तर देणाऱ्या मुलाकडे वळवलं. मुलाने बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी मुलाकडे. बाईंना रडू आलं, आणि मुलं अगदी गप्प झाली. पण ही शांतता वेगळी होती, असं ताई घरी येऊन म्हणाली.

मंडळी, आपण शिक्षकाला नावं ठेवतो तेव्हा एक विचारायचं राहून जातं. त्याला घडवताना, निवडताना आणि नंतर सांभाळताना त्याच्यासमोर मूल होतं का? नसेल, तर तो शिकवेल आणि आपली मुलं तिथं असूनही नसतील. शिक्षक मुलांमध्येच घडतो, आणि त्याला तिथं एकटं सोडून चालत नाही. एवढीच ही गोष्ट.

पुन्हा एक रविवार आला. नातीने खुर्च्या मांडल्या. एकीवर बाहुली, एकीवर ताईआजी, एकीवर हाताला धरून आणलेले आजोबा. बशीतलं पाणी कुठे गेलं, असा प्रश्न आला.

"बाई, मला नाही कळलं," साहेब म्हणाले.

नातीने पट्टी खाली ठेवली आणि ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "कुठपर्यंत कळलं?"

साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली, तर शेजारची खुर्ची रिकामी होती.

"इथं कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

"तो आज आला नाहीये," नात म्हणाली. "मी उद्या त्याला विचारणार आहे, का नाही आलास म्हणून."

साहेबांनी मान हलवली. खुर्चीवरची नजर मात्र त्यांना काढता येईना. आजवर त्यांनी निवडलेल्या सगळ्यांच्या वर्गांत अजून जायचं राहिलं होतं.