निळ्या ड्रममधली वाइन

लेकीचं बाळंतपण उरकून थोरली हिवाळा सरता सरता घरी परतली, तर तळघराच्या दाराला नवंकोरं कुलूप. किल्ली मागायला ती जिना चढून दिराकडे गेली. घर दोन भावांचं, खाली थोरला आणि वर धाकटा. थोरला वारला आणि तेव्हापासून धाकट्याला घरातली वस्तू न् वस्तू आपल्या ताब्यात घ्यायची घाई झाली होती.

"बघा जाऊन," चहाचा कप खाली न ठेवता किल्ली पुढे करत दीर म्हणाला. "पसारा काढला सगळा."

पसारा म्हणजे तिच्या नवऱ्याच्या काचेच्या बरण्या. परसातल्या वेलाची द्राक्षं तुडवून तो दर वर्षी वाइन करायचा आणि गोणपाटात गुंडाळलेल्या त्या पोटुशा बरण्यांत मुरायला ठेवायचा. एका सालची दुसऱ्या सालात मिसळू द्यायचा नाही. शेवटची बरणी त्याने आजारपणात, स्टुलावर बसून, दर थोड्या वेळाने दम खात भरली होती. पुतणीच्या लग्नात उघडायची, असं त्याच्या मनात होतं.

तळघरात एकही बरणी नव्हती. भिंतीला लागून दोन निळे प्लास्टिकचे ड्रम उभे होते. थोरलीने एकाचं झाकण फिरवलं, वाटी बुडवली आणि घोट जिभेवर धरला. पाणचट, आंबूस, आणि त्यावरून फुलांचा वास, पण कुठल्याही झाडाला न येणाऱ्या फुलांचा. तिने घोट थुंकला. दीर हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत मुकादम होता. चादरी मऊ करायचं सुगंधी औषध तिथे याच ड्रमांतून यायचं.

दीर मागोमाग खाली आलाच होता.

"बरण्या कुठे आहेत, भाऊजी?"

"भंगारात दिल्या. काच उचलून माझी कंबर गेली असती. ड्रमला कशा, धरायला मुठी आहेत."

"सगळी एकात एक ओतलीत?"

"वाइन ती वाइन. पोटात गेल्यावर वेगळी राहते का?"

"यात आधी काय होतं ते ठाऊक आहे ना?"

"तीन पाण्यांनी धुतलेत. धुण्याचाच धंदा आहे माझा, वहिनी."

"प्लास्टिकमध्ये मुरलेला वास धुऊन जात नाही. त्यातून हवाही आत जाते. चार दिवस ठेवली तर चालून जातं, तुम्ही हिवाळाभर ठेवलीत. ओतून द्या. पिऊन कुणाचं पोट बिघडलं म्हणजे?"

"दादाच्या हातची आहे. ओतायची?"

"त्यांच्या हातची होती. तुम्ही तिची वाट लावलीत."

दिराचा चेहरा तापला. "दादा माझाही भाऊ होता. तुम्हाला वाटतं, तो तुमच्या एकटीच्याच मालकीचा. रविवारी व्याही जेवायला येतायत, तेव्हा टेबलावर हीच येणार. जळफळाट करायचा तर खाली बसून करा."

तळघराचा जिना चढतानाच रविवारी वर जायचंच, हे तिने पक्कं केलं.

रविवारी ती धुतलेली साडी नेसून टेबलाच्या टोकाला बसली. पुतणी वाढत होती, मधूनमधून होणाऱ्या नवऱ्याकडे बघत होती. व्याही बेकरीवाले, पीठ आंबवण्यात जन्म गेलेला माणूस. दिराने स्वतः उठून त्यांचा पेला भरला. "आमच्या घरची. दादाची आठवण."

व्याह्यांनी पेला नाकाशी नेला, क्षणभर थांबले, एक घोट घेतला. मग पेला असा हळूच खाली ठेवला, की तो पुन्हा उचलला जाणार नाही हे सगळ्यांना कळलं.

"जरा वेगळी आहे," ते म्हणाले.

दिराने आपला पेला एका दमात रिकामा केला आणि थेट थोरलीकडे बघितलं. "वहिनींनी केलीये. आता वय झालं त्यांचं, पहिल्यासारखं जमत नाही. पण आपण मान राखतो."

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला. आवाज न चढवता ती खुर्चीवरून उठली आणि खाली गेली. लोकांना वाटलं, रडायला गेली. वाइन काढायला तळघर उघडंच ठेवलं होतं; ती परतली ती तिथला, बाटल्या भरून रिता झालेला एक ड्रम कमरेवर घेऊन. धापा टाकत तिने तो व्याह्यांच्या खुर्चीशी टेकवला आणि झाकण काढलं.

"वास घ्या," ती म्हणाली. "मग सांगा, माझं वय झालं की यांच्या लॉन्ड्रीच्या ड्रमात ही सडली. यांना आधीच बजावलं होतं. भावाने मरता मरता केलेली वाइन यांनी चादरी मऊ करायच्या ड्रमात घातली, आणि आता ती माझ्या नावावर खपवतायत."

व्याह्यांनी वाकून वास घेतला. मग हसू आवरत नाही म्हणून रुमाल तोंडाशी धरला. त्यांच्या मागून त्यांचा मुलगाही हसला. दीर पांढराफटक पडला.

"चालत्या व्हा," तो म्हणाला.

"चाललेच आहे. ड्रम तुमचा, तो राहू दे."

लग्न मोडलं नाही. लग्नाला थोरलीला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती, असं ती शेजारणीला दोनदा म्हणाली. तळघराच्या मधोमध दिराने विटांची भिंत घातली. भांडण पुढे छतातून चालू राहिलं: हिने कपाट सरकवलं की त्याने वरून पाय आपटायचे, त्याने रेडिओ लावला की हिने झाडूच्या दांड्याने छत ठोकायचं.

लग्नाच्या सकाळी पुतणी, केसांत फुलं माळून, एकटीच खाली आली. थोरलीने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. म्हणायचं होतं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझे सासरे ती गोष्ट बेकरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात," पुतणी म्हणाली. "ड्रमची. बाबांचं नाव घेऊन. आता मला त्याच घरात जायचंय, काकू."

"मी तुझ्या बाबांना आधीच सांगितलं होतं."

"मला नव्हतं सांगितलंस. मी ती टेबलावर येऊच दिली नसती."

थोरलीपाशी सबबी पुष्कळ होत्या, आणि त्यातली एकही या पोरीसमोर टिकण्यासारखी नव्हती. त्या रविवारी वर जाताना तिच्या डोक्यात दीर होता, फक्त दीर. ही पोरगी ताटं वाढत होती तरी तिला दिसली नव्हती.

"उशीर होतोय तुला," ती शेवटी म्हणाली.

पुतणीने वाकून तिच्या पायांना हात लावला, रीत म्हणून, आणि वर न बघता जिना चढून गेली.