तूबासाठी हवा

माझ्याच सायकल-दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात, माझ्याच भिंतीला सायकल टेकवून मेहरबान मास्तर स्वतःच हवा भरत होते. हातात पाण्याच्या बाटलीएवढं यंत्र. ना वायर, ना दांडा. बटण दाबलं की घुंऽऽ करायचं आणि हवा पुरेशी झाली की आपणहून गप्प बसायचं. मी आत स्टुलावर बसून बघत होतो आणि माझा नुसता जळफळाट चालला होता.

“काय उस्ता, बरं आहे ना?” मास्तर म्हणाले. कारागिराला आमच्याकडे उस्ताच म्हणतात.

“देवाची कृपा! भरा, भरा. दुकान तुमचंच आहे.”

हे असं. मनात ‘चालते व्हा’ आणि तोंडावर ‘दुकान तुमचंच’. इराणात कुठेही जा, आमच्या यज्द गावचा माणूस मरायला टेकला तरी तोंडदेखलं बोलणं सोडायचा नाही.

खरं तर चूक माझीच. तीन महिन्यांपूर्वी यांच्याच चाकात हातपंपाने हवा भरताना मी कण्हलो होतो, “मेलो रे बाबा! या हवेपायी कंबर गेली माझी.” आता काम करताना कण्हायचं ही आमची रीतच. माझी बायको कणीक तिंबताना अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढं कण्हायची, पण कुणी परातीला हात लावून तर बघावं! मास्तर पडले सरळ माणूस. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला. त्यांनी ते मनाला लावून घेतलं. पंधरा दिवसांत कॅनडातल्या मुलाकडून हे यंत्र मागवलं आणि मला दाखवायला आले. “उस्ता, आता तुम्हाला माझा त्रास नाही.”

तेव्हाच म्हणायला हवं होतं, की अहो, त्रास कसला! मी म्हणालो, “वा! देव मुलाला उदंड आयुष्य देवो.”

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? नाही! ‘उस्ताच्या कंबरेवर दया करा’ असं आळीभर सांगत फिरले. रोटीवाल्याने पंप घेतला, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घेतला, त्यांचं बघून शेजारणीने घेतला. दोन महिन्यांत माझ्या दारात हवेसाठी कुत्रं फिरकेना.

तुम्ही म्हणाल, फुकटची हमाली टळली, रडतोस कशाला? फुकटच होती, कबूल. पण दारावरची पाटी वाचा: ‘हवेचे पैसे नाहीत. तूबासाठी एक फातिहा म्हणा.’

तूबा माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. शेवटच्या दिवसांत तिला एकच घोर लागला होता. “यदुल्ला, तू पण गेलास की माझं नाव कोण घेईल?” मी म्हणालो, “अख्खं गाव घेईल, बघच तू.” आणि सात वर्षं गावाने घेतलं. मी पंप मारायचो, शेजारी उभा असलेला माणूस तूबाच्या नावाने फातिहा, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, पुटपुटायचा. तेवढंच तिचं नाव कानावर पडायचं. घरी मी आणि चहाचा समोवार. कुणाला हाक मारू?

आज गुरुवार, मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, आणि सकाळपासून एकही फातिहा झाला नव्हता.

मास्तरांनी यंत्र बंद केलं. खिशातून पांढरी टोपी काढून डोक्यावर चढवली आणि नेहमीसारखे पाटीसमोर उभे राहिले. ओठ हलायला लागले. मग मला राहवेना.

“मास्तर, पंप तुमचा, हवा तुमची. मग हे कशाला?”

“म्हणजे? हवा मिळते म्हणून म्हणत होतो असं वाटलं की काय तुम्हाला?” त्यांनी टोपी काढली. “आणि मी जरथुष्ट्री माणूस, मला फातिहा कुठला येतोय? मी आपली आमची प्रार्थना म्हणतो. बाईंना चालत असेल ना?”

“चालते. तिला कुणाचं काहीही चालायचं.”

मास्तर जरा वेळ सायकलची घंटी पुसत राहिले. “मंगळवारी निघतोय मुलाकडे. आता तिकडेच.” मग त्यांनी ते यंत्र माझ्यापुढे धरलं. “हे तुम्हाला. वाकायला नको.”

मी रीतीप्रमाणे तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी ऐकून घेतलं नाही, यंत्र काउंटरवर ठेवलं आणि सायकलवर टांग टाकली. मी म्हणालो, “प्रवास सुखाचा होवो.” जाऊ नका, असं म्हणता आलं असतं. पण ही मेली जीभ! नको तिथे चुरुचुरु आणि हवी तिथे टाळ्याला चिकटलेली.

दुपार उलटली तरी कुणी आलं नाही. मी शटर ओढलं, यंत्र पिशवीत टाकलं आणि कब्रस्तानात गेलो. तूबाजवळ बसलो, बाटलीतल्या पाण्याने दगड धुतला, माझा फातिहा म्हणून झाला. एकट्याचा कितीसा पुरणार?

परतताना फाटकाच्या भिंतीशी सायकलींची रांग दिसली. गुरुवारची गर्दी, मालक आत, आपापल्या माणसांपाशी. मी पहिल्या सायकलचं चाक अंगठ्याने दाबलं. नरम होतं. इथे माझ्या कंबरेवर दया करायला कुणी नव्हतं आणि यंत्राला वायरही लागत नव्हती. मी नळी लावली, बटण दाबलं. मग दुसरी सायकल. मग तिसरी.

“अहो काका! माझ्या सायकलला काय करताय?”

डोक्यावरून काळी चादर घेतलेली एक बाई, मेलेल्यांच्या नावाने वाटायच्या हलव्याचं ताट घेऊन तरातरा येत होती. असेल पस्तिशीची.

“हवा भरतोय. मागचं चाक बसलं होतं.”

“मी सांगितलं होतं का?”

“नाही.”

“मग? पैसे किती?”

“पैसे नकोत. एक फातिहा म्हणा. नाव तूबा.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ताट कॅरिअरवर ठेवलं आणि तिथेच, धुळीत उभी राहून, सावकाश फातिहा म्हणाली. तूबाचं नाव तिने स्पष्ट घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं. मग तिने हलव्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“आणि तुमचं नाव?”

“मी अजून जिवंत आहे, बाई.”

“ते दिसतंय की. तरी सांगून ठेवा. मी दर गुरुवारी येते.”

मी हलव्याचा तुकडा तोंडात टाकला.

“यदुल्ला,” मी म्हणालो.

“यदुल्ला,” ती म्हणाली. ताट कॅरिअरला बांधताना आणखी एकदा म्हणाली, विसरू नये म्हणून. मग सायकलवर बसून निघून गेली.

मी हात पुसले आणि पुढच्या सायकलचं चाक दाबून पाहिलं.